न जमलेल्या रंगांचे कपाट

एक वेळ सोडली, तर त्यांची नखे नखांच्या रंगाची अशी मी कधी पाहिली नाहीत. कधी ती जांभळाच्या सालीसारखी असत, कधी ओल्या हळकुंडासारखी. आणि ज्या आठवड्यात काम बंद असे त्या आठवड्यात त्यांच्यावर एक मळकी राखाडी छटा असे, सगळे रंग येऊन गेल्यावर उरते तशी. हातमागाच्या सुतासाठी पक्के रंग शोधणारी एक लहानशी सरकारी रंगशाळा तेव्हा नागपुरात होती. तिचे ते प्रमुख. आम्ही त्यांना साहेब म्हणत असू, विणकर रंगमास्तर म्हणत. नाव लिहिण्याची मला गरज वाटत नाही. ज्यांना ते आठवत असतील त्यांना नखांवरून आठवतील, आणि ज्यांना आठवत नसतील त्यांना नावाचा काय उपयोग?

मी मराठी घेऊन एम. ए. झालेली. रसायनाशी माझा संबंध वाण्याच्या दुकानातल्या तुरटीपुरता. तरी त्यांनी मला मुलाखतीला बोलावले, कारण त्यांना एक बाई हवी होती. नव्या रंगाचे सूत आधी थोडे थोडे विणकरांना वापरायला दिले जाई. सूत उकलणे, ते कांड्यांवर भरणे, ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ पाजणे ही कामे घरातल्या बायका करत, आणि त्या बायका सरकारी पुरुषापुढे पदर ओढून गप्प बसत. त्यांच्याकडे जाऊन त्यांचे ऐकायचे आणि ते शुद्ध, नीटस मराठीत लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे, एवढे माझे काम असणार होते.

मुलाखतीत त्यांनी माझे प्रमाणपत्र उघडलेसुद्धा नाही. सुताची एक लडी माझ्या हातात दिली.

"हा रंग सांगा."

"लाल."

"लाल तर मलाही दिसतो, बाई."

मी लडी खिडकीशी नेली. उन्हाळा नुकताच लागला होता. "वाळत घातलेल्या मिरचीचा," मी म्हटले. "तिसऱ्या दिवसाच्या उन्हातल्या."

त्यांनी लडी परत घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले. "चौथ्या," असे म्हणून त्यांनी मला जायला सांगितले. नेमणुकीचे पत्र अडीच महिन्यांनी आले. मधल्या काळात त्यांनी घराच्या गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि रोज दुपारी ती लडी हातात घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहत होते, हे मला पुढे कळले. रुजू झाले त्या दिवशी त्यांचे पहिले वाक्य होते, "तिसऱ्याच दिवसाचा होता. माझं चुकलं."

ते कोणतीही गोष्ट लवकर ठरवत नसत. कागद समोर आला की ते तो वाचत, मग ढिगाच्या तळाशी सरकवत, आणि तीन दिवसांनी तो आपोआप वर येईपर्यंत त्याचे नाव काढत नसत. वरून तगादा आला की म्हणत, "घाई कोणाला आहे? रंगाला तर नाही." सोमवारी दुपारी बैठक होई. बैठक म्हणजे रंगाच्या कुंडांशेजारच्या दगडी ओट्याभोवती आम्ही चौघे-पाच जण. तिथला क्रम उलटा होता. सगळ्यांत आधी बोलायचे दशरथने, म्हणजे आमच्या शिपायाने. मग प्रयोगाच्या मागावर बसणाऱ्या म्हाताऱ्या विणकराने. मग मी, मग मुकुंदराव, जे आमचे रसायनज्ञ होते. आणि सगळ्यांत शेवटी साहेब.

"वरचा आधी बोलला," त्यांनी मला एकदा सांगितले, "की खालच्यांचं बोलणं त्याच्या बोलण्यासारखं होतं. मग पाच माणसं कशाला हवीत?"

दशरथला हा मान संकटासारखा वाटे. "मले का समजते साहेब रंगातलं?" तो दर सोमवारी म्हणे.

"तुला वास समजतो. वास सांग."

दशरथ लडी हुंगत असे आणि आढ्याकडे पाहत असे. एकदा म्हणाला, "वास म्हनाल तं सासुरवाडीचा येऊन राहिला."

"म्हणजे कसा?"

"सहन होते जी. पन आनंद नाई."

मुकुंदराव हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते वहीत टिपून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी त्या कुंडातल्या गंधकाचे प्रमाण कमी करायला लावले.

आणखी एक नियम होता, आणि त्यापायी मुकुंदराव बिचारे रडकुंडीला येत. सगळेच्या सगळे हो म्हणाले, तर निर्णय होत नसे. साहेब एकेकाच्या तोंडाकडे पाहत, उठत आणि दशरथला चहा सांगत. "सगळे हो म्हणताहेत," ते म्हणत, "म्हणजे कोणीतरी बोललेलं नाही." मग पुढच्या सोमवारी तोच विषय पुन्हा. कोणी काही खोट काढली की त्यांना हायसे वाटे. रुग्णाने अखेर कुठे दुखते ते सांगावे, आणि वैद्याच्या चेहऱ्यावर जे दिसावे ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

त्यांच्या खोलीत खिडकीसमोर शिसवी कपाट होते. त्यात न जमलेले रंग होते. फिकटलेल्या, डागाळलेल्या, करपलेल्या सुताच्या लड्या खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात जाड कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन रकाने: रंग, कृती, कारण. कारणाच्या रकान्यात दोन-तीन शब्दच. तुरटी कमी. विहिरीचे पाणी जड. उन्हाने खाल्ला. एका सुंदर मोरपिशी लडीवर नुसते 'घाई' असे लिहिले होते. कोणाचे नाव कुठल्याच चिठ्ठीवर नसे. पाहुणे अधिकारी आले की मुकुंदराव त्यांना जमलेल्या रंगांच्या दालनाकडे नेऊ पाहत, आणि साहेब त्यांना हाताला धरून या कपाटापुढे आणून उभे करत. "ते जमलेले बाजारात गेले, आपल्याला विसरले," ते म्हणत. "हे घरी राहिले. यांना जास्त माहीत आहे." अधिकारी घड्याळ पाहत. कपाट उघडले की मात्र जुन्या सुताचा, गुळाचा, निळीचा, कडू सालींचा असा एक एकवटलेला दर्प बाहेर येई. मला तो एखाद्या बंद देवळाच्या गाभाऱ्यासारखा वाटे. मी तेव्हा कविता लिहीत असे. माझ्या पिशवीत दोन वह्या असत. एक कचेरीची, करड्या पुठ्ठ्याची. दुसरी माझी.

आता ती हंडीची गोष्ट सांगायला हवी. ती मी आजवर टाळत आले.

प्रयोगाच्या मागाशेजारी कोपऱ्यात खळीची मातीची हंडी असे. ताण्याचे धागे मागावर चढवण्याआधी त्यांना पिठाची खळ पाजतात, म्हणजे ते ताठ होतात, तुटत नाहीत. विणकर ही खळ ज्वारीच्या पिठाची करत आणि दोन-तीन दिवस आंबू देत, कारण आंबलेली खळ धाग्यावर पातळ आणि सारखी बसते. मी रुजू झाले तो वैशाख होता. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले, दशरथ त्यांच्यावर पाणी मारी, आणि त्या गार, मातकट सुगंधातून ती हंडी एखाद्या शिवीसारखी नाकात शिरे. पंधरवडाभर मी सोसले. मग एका दुपारी मी पदर नाकाला लावून म्हणाले, "साहेब, हा वास मात्र मला सोसत नाही हो."

ते तत्क्षणी उठले. तीन दिवस नाहीत, चहा नाही, दशरथला विचारणे नाही. त्यांनी स्वतः ती हंडी उचलली, मागच्या अंगणात नेली आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकली. "उद्यापासून ताजी खळ," त्यांनी दशरथला सांगितले. "रोज सकाळी. मैद्याची." मागावरचा म्हातारा विणकर हात थांबवून पाहत राहिला. त्याचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. पण तो सोमवार नव्हता. घरी आल्यावर मी आईला मोठ्या कौतुकाने सांगितले, की आमचे साहेब कधीच काही लवकर ठरवत नाहीत, पण माझ्यासाठी त्यांनी ठरवले.

राजधानी नागपूरहून गेली त्यानंतरचा उन्हाळा मला पांढऱ्या रंगाचा आठवतो. कचेऱ्यांतून कागदांचे गठ्ठे बाहेर पडत होते, गाड्यांवर चढत होते, मुंबईला जात होते. रस्ते अचानक रुंद वाटू लागले होते. आमच्याकडे नव्या खात्याचे पत्र आले. त्याचा आशय असा होता, की इतक्या वर्षांत रंगशाळेने बाजारात टिकलेले नेमके काय दिले ते दिवाळीपूर्वी दाखवावे. न दाखवल्यास ती चालू ठेवायची की नाही याचा विचार करावा लागेल. साहेबांनी पत्र वाचले आणि ढिगाच्या तळाशी सरकवले. तीन दिवसांनी ते वर आले. ते त्यांनी पुन्हा वाचले आणि पायांतले जोडे काढून पायरीवर जाऊन बसले. ते थकलेले होते. कामाने माणूस थकतो ते मी घरीदारी पाहिले होते. हे वेगळे होते. सगळे ढकलत असताना पाय रोवून उभे राहण्याने ते थकले होते.

मुकुंदरावांकडे एक लाल होता. दीड वर्ष त्यांनी त्यावर घालवले होते, आणि तो खरोखर देखणा होता: गुंजेचा, खोल, आतून पेटलेला. करायला सोपा, घरच्या चुलीवर जमणारा. साबणाने गेला नाही. छपरावर ठेवला, उन्हाने खाल्ला नाही. पांढऱ्या कापडावर घासला, उतरला नाही. आमच्या मागावर त्याचे काठ विणले ते डोळ्यांत भरतील असे निघाले. आता विणकरांच्या घरचा अभिप्राय तेवढा राहिला होता, आणि तो आणायला मी नागपूरजवळच्या खाप्याला गेले.

खाप्याला सगुणाबाई होती. नवरा मागावर बसे, बाकी सगळे ती पाही. कन्हान नदीच्या पाण्यावर तिने कितीतरी रंगांचे सूत धुतले होते. तिच्या दारातच मला तो वास आला. चुलीशेजारी खळीची हंडी होती, तीन दिवसांची. मी उंबऱ्याच्या आत गेले नाही. पदर नाकाशी धरून बाहेरच्या खाटेवर बसले आणि वही उघडली.

"आत या नं बाई. ऊन लागून राहिलं तुमाले."

"नको, इथेच बरी आहे. लाल कसा काय वाटला?"

"लाल बरा हाय. डोये निवतेत पाहून." ती हातातल्या कांडीवर सूत भरत बोलत होती. "साबनानं जात नाई. पन आंबट खळ लागली का रुसते, बाई. तोंड काळं करून बसते."

"काहून रुसते?" मी तिच्या बोलीत विचारले. मला ते बोलायला आवडे.

"आता मले का मालूम! नव्या सुनेले इचारा, काहून रुसते थे!" शेजारची बाई पदर तोंडात धरून हसली. मीही हसले. सगुणाबाई हसली नाही. तिने उठून आतून चार बोटे रुंदीचा काठ आणून माझ्यासमोर धरला. मी तो दुरूनच पाहिला. लाल होता. कडेला कुठेतरी सावलीसारखे काही होते, आणि मी ते सावलीच समजले.

परतीच्या मोटारीत मी माझी वही काढली. कचेरीची नव्हे, माझी. तिच्यात लिहिले: आंबट खळ लागली का रंग रुसते, तोंड काळं करून बसते. खाली तारीख घातली. किती सुंदर आहे, असे मला वाटले. एखाद्या लांब कवितेची ती पहिली ओळ होईल असे वाटले. मग करडी वही उघडून शुद्ध, नीटस मराठीत लिहिले: "रंग साबणास टिकतो. विणकरांचा अभिप्राय समाधानकारक. किरकोळ तक्रारी." मला दोन्ही वाक्ये खरी वाटत होती. आणि एकाच बाईच्या तोंडचे बोलणे मी दोन वह्यांत वाटून टाकले आहे, हे माझ्या मनात आले नाही.

बैठक सोमवारी झाली. ओट्यावर गुंजेच्या रंगाची लडी ठेवलेली होती.

"दशरथ?"

"सुंगून पाह्यलं साहेब. वासच नाई."

"वासच नाही?" साहेबांनी लडी उचलून स्वतः हुंगली. बराच वेळ हुंगली. "खरंच नाही."

म्हाताऱ्या विणकराने मान डोलावली. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही?"

"लिहिलं आहे तेवढंच."

"लिहिलं आहे ते मी वाचलं. किरकोळ तक्रारी म्हणजे काय?"

मला खरोखर आठवले नाही. ती ओळ मला पाठ होती. पण ती तक्रार आहे हे आठवले नाही. "काही नाही," मी म्हणाले. "नेहमीचंच."

मुकुंदराव आधीच उभे होते. "साहेब, आता चहा सांगू नका, पाया पडतो. दिवाळीचं सूत या आठवड्यात गेलं नाही, तर पुढल्या दिवाळीला इथं कुलूप असेल."

साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. कुंडातून एक थेंब पडला, मग दुसरा. "सगळे हो म्हणताहेत," ते म्हणाले. वाक्याचा उरलेला अर्धा भाग आम्हाला पाठ होता. तो त्यांनी उच्चारला नाही. "पण आता माझ्याच्यानं थांबवत नाही." त्यांनी सही केली. त्या दिवशी त्यांची नखे गुंजेसारखी लाल होती.

सूत खाप्याला गेले, उमरेडला गेले, इतवारीच्या मागल्या गल्ल्यांत गेले. दिवाळीच्या लुगड्यांचे ताणे लागले. तीन आठवड्यांनी एका सकाळी रंगशाळेच्या व्हरांड्यात माणसे बसलेली दिसली. कोणी ओरडत नव्हते. प्रत्येकाच्या मांडीवर एक गाठोडे होते. गाठोडी सुटली, आणि काठांवरून लाल रंग जुन्या मुक्या मारासारखा काळानिळा पडलेला दिसला. जिथे खळ दाट बसली होती तिथे गडद, जिथे पातळ तिथे पुसट. दिवाळीची लुगडी होती ती. तसली लुगडी घ्यायला कोणता व्यापारी हात पुढे करणार होता?

मुकुंदराव एक काठ आत घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आम्ल," ते म्हणाले. "आंबलेल्या खळीचं आम्ल. साहेब, आपण सगळं तपासलं. साबण, ऊन, घासणं. आपल्या मागावर हे झालंच नाही." मग त्यांच्या लक्षात आले. "आपल्याकडे खळ ताजी असते."

सगुणाबाई पायरीवर बसली होती. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, रागाने नव्हे, नुसतीच, "मी सांगतलं होतं नं बाई तुमाले?"

साहेबांनी ते ऐकले. त्यांनी मला काही विचारले नाही. दुपारी माणसे गेल्यावर मीच माझी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि ते पान उघडून टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचले. पुन्हा वाचले. खिडकीत धरून वाचले, मुलाखतीच्या दिवशी मी लडी धरली होती तसे.

"छान आहे हो," ते म्हणाले. "फार छान आहे." आणि मग फार दमलेल्या आवाजात: "चुकीच्या वहीत आहे."

मी रडले असेन. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही, आणि ती त्यांची सभ्यता होती. त्यांनी काळवंडलेल्या सुताची एक लडी गुंडाळली, एक कोरी चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे केली. "तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

मी रंग लिहिला, कृती लिहिली. कारणाच्या रकान्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "माझं नाव लिहिते."

"कपाटात मी माणसं ठेवत नाही, बाई. रंग ठेवतो. लिहा: माहीत होते."

"कोणाला माहीत होते, ते?"

"रकाना लहान आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन खाप्याला गेले. सगुणाबाईच्या घरी ते उंबरा ओलांडून सरळ आत गेले, चुलीशी मांडी घालून बसले आणि त्या हंडीत बोट बुडवून त्यांनी खळ जिभेला लावली. "किती दिवसांची?"

"चार झाले जी. आता मस्त झाली."

"कशावरून कळतं?"

"आवाजानं. ऐका नं." तिने हंडी हलवली. त्यांनी कान लावला. मग माझ्याकडे पाहिले. मी आत आले, पदर खाली सोडला आणि त्या आंबट, कोंडलेल्या, जिवंत वासात बसून ती बोलली तसेच्या तसे करड्या वहीत लिहीत राहिले, 'मले' आणि 'तुमाले'सकट. चार पाने झाली. नुसत्या खळीबद्दल चार पाने. इतकी वर्षे ती तिच्याकडे होती.

पुढच्या महिन्यात साहेबांनी तो लाल अर्धाअधिक सुधारला. तोवर उशीर झाला होता. नव्या खात्याची माणसे आली. त्यांनी जमलेल्या रंगांचे दालन पाहिले, मग शिसवी कपाट उघडले आणि लड्या मोजल्या. जमलेल्यांपेक्षा न जमलेले पुष्कळ अधिक निघाले. त्यांच्या टिपणात त्याचा उल्लेख होता. साहेबांना मुदतीआधी निवृत्त केले गेले. मुकुंदराव मुंबईच्या एका गिरणीत गेले. मी शाळेत शिकवू लागले, आणि कविता हळूहळू थांबल्या. मी थांबवल्या असे नाही.

सामानाची यादी करायला मला एक आठवडा ठेवून घेतले होते. 'निकामी नमुने' अशी नोंद करून कपाट अंगणात रिकामे करण्यात आले, त्याच कडुनिंबाखाली. दशरथने ढिगातून एक लडी काढून माझ्या हातात दिली. "हे तुमची हाय बाई. तुमचं अक्षर हाय." मी चिठ्ठी पाहिली. माहीत होते. मग वाऱ्याने ती उलटली. मागच्या बाजूला, जिथे कुठल्याच चिठ्ठीवर काही नसे, तिथे त्यांच्या आखूड, डागाळलेल्या अक्षरात एक ओळ होती: "आंबट खळीची हंडी कोणालाही न विचारता बाहेर काढली. निर्णय माझा."

त्यात माझा उल्लेख नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला धंतोलीत गेले. ते धाकट्या भावाकडे राहत होते. अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या, त्यांतल्या एकीवर ते उन्हात बसले होते, अंगावर शाल, आणि शालीवर दोन हात. नखे स्वच्छ होती; फिकट, गुलाबी, कोणत्याही म्हाताऱ्या माणसाची असावीत तशी. भावजयीने चहा आणला. साहेबांनी माझ्या पदराचे टोक चिमटीत धरून हुंगले. "गिरणीचा," ते म्हणाले. इकडचे तिकडचे बोलणे झाले. दशरथला दुसऱ्या कचेरीत काम लागले आहे, असे मी सांगितले. तिथे त्याला सगळ्यांत शेवटी विचारतात का, असे त्यांनी विचारले. विचारतच नाहीत, मी म्हणाले.

मी जायला उठले तेव्हा ते म्हणाले, "आज तुम्ही काही बोलल्या नाहीत."

ऊन भिंतीवर चढले होते. मी पुन्हा खाली बसले.

"ती हंडी माझ्यामुळे गेली," मी म्हणाले. "मी म्हटलं म्हणून तुम्ही काढलीत."

"माहीत होतं," ते म्हणाले.

मग चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारले, "आता सोसतो का तो वास?"

मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली. आणि सवयीने, अजून कोणी बोलायचे राहिले आहे का ते पाहावे तशी त्यांची नजर अंगणातल्या रिकाम्या खुर्च्यांवरून एकेक करत फिरली.